वाघरीमागं

“परत आला का गं तुझा दमा?” असं मला बायका अजून विचारतात. लग्नाच्या मांडवात विचारतात, दवाखान्याच्या बाकड्यावर विचारतात, आणि विचारताना आवाज असा खाली घेतात, की जणू घरातून पळून गेलेला दीर परत आला का म्हणून विचारतायत. मी काही आवाज खाली घेत नाही. मी म्हणते, “कुठं गेलता बाई तो, परत यायला?” आणि पिशवीतला पंप काढून, खडखड हलवून, तिच्या तोंडासमोर ओढते. काही जणी मान फिरवतात. फिरवू देत. शाळेत मास्तरीण म्हणून जन्म काढला, पोरांसमोर फळ्याशी उभं राहून पंप ओढला, आणि पोरं एवढी शहाणी, की बाई पंप ओढेपर्यंत गप्प बसायची आणि मग पाढे म्हणायला लागायची. मोठ्या माणसांना तेवढं कळत नाही. त्यांच्यासाठी मला हे एकदाचं लिहून काढायचंय, कारण दमा लपवण्याच्या धंद्यात आमच्या घरानं फार सोसलंय, आणि तो धंदा कसा बंद पडला ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आमचं घर बीडकडच्या पालीजवळच्या वस्तीवर. घर म्हणजे पावसाळ्यापुरतं घर. आम्ही मेंढरंवाले धनगर; पाऊस सरला, दिवाळी झाली, की भांडी, कोंबड्या, कोकरं सगळं घोड्यावर लादायचं आणि मेंढरांच्या मागं चालू लागायचं. आबा, म्हणजे माझे वडील, पुढं; मधे मेंढरं; मागं माय आणि मी. ज्या शेतकऱ्याचं रान मोकळं असेल त्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत त्याला, त्याच्या बदल्यात जोंधळा-बाजरी आम्हाला. जिथं तळ पडेल तिथं खुंट्या ठोकून भोवती जाळं ताणायचं. त्या जाळ्याला आमच्यात वाघर म्हणतात. लांडगा आत येऊ नये आणि मेंढरू बाहेर जाऊ नये, म्हणून वाघर ताठ पाहिजे. आणि वाघरीची जेवढी काळजी आमच्या मायला होती तेवढी आबांनाही नव्हती. भाकरी थापता थापता, चूल धुपायला लागली की माय पिठावर ताट झाकायची आणि उठायची. “खुटी ढिली झाली वाटतं. वाघर बघून येते,” म्हणायची आणि मेंढरांच्या पलीकडं जायची. बऱ्याच वेळानं यायची, तोंडावर पाणी मारून, पदर नीट करून, आणि पुन्हा भाकरी थापायला बसायची. आबा हसायचे. म्हणायचे, “तुझ्या मायच्या राज्यात लांडग्याची काय टाप हाय!”

खायला बाजरीची भाकर, लसणाचा ठेचा, हुलग्याचं माडगं, आणि मेंढी व्याली असेल तर दाट दूध. माडगं मला फार आवडायचं. थंडीत ते वाटीत घेऊन वाफ तोंडावर घेतली की छाती जरा मोकळी व्हायची. कारण माझी छाती लहानपणापासून वाजायची. श्वास आत जायचा, पण बाहेर यायला तयार नसायचा. गळ्याशी येऊन शिटी वाजवायचा. आबा म्हणायचे, “वाजली का तुझी पिपाणी?” चेष्टा करायचे, पण माझ्या पाठीवरचा हात काढायचे नाहीत. आणि माय काय करायची? जी आमच्यातली कुठलीही माय करेल ते. घडवंचीवरची घोंगडी काढायची आणि मला तिच्यात गच्च गुंडाळायची, डोक्यावरून, नाकावरून. घोंगडी म्हणजे आमचं सगळं काही. तिच्यावर बाळ टाकायचं, तिच्यावर देव बसवायचा, पाहुणा बसवायचा, नवरानवरी बसवायचे. थंडी तिच्या आत शिरत नाही, पाऊस शिरत नाही; मग दुखणं कसं शिरेल? मी आत गुदमरायचे, पिपाणी आणखी जोरात वाजायची, आणि माय म्हणायची, “बघ, थंडी किती आत बसलीय,” आणि वरून आणखी एक घोंगडी टाकायची. आता आठवलं की हसू येतं आणि डोळ्यात पाणीही येतं. इतक्या मायेनं कुणी कुणाचा श्वास कोंडला नसेल.

एका वर्षी तळ अंबाजोगाईच्या अलीकडं होता. कातरणीचा दिवस होता. कातरणीला आसपासच्या तळांवरचे मेंढके एकमेकांकडं येतात. मेंढराचे पाय बांधून त्याला आडवं करायचं आणि कातरीनं लोकर उतरवायची. दिवसभर कच कच कच आवाज, मेंढरांचं ओरडणं, माणसांच्या चेष्टा, आणि हवेत सगळीकडं लोकरीचा भुसका. मला लोकर निवडायला बसवलं होतं, काळी वेगळी, पांढरी वेगळी. मी बसले आणि थोड्या वेळानं मला बोलताच येईना. ओठ निळे पडले म्हणे. मला घोंगडीत गुंडाळलं, रानमालकाच्या दुधाच्या टेम्पोत घातलं, आणि आबा-माय मला घेऊन अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेले.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती आणि तापट होती. म्हणून मला ती पहिल्याच दिवशी आवडली. तिनं नळी लावली, सुई दिली, मग आबांकडं वळली. “बाबा, हिला कशात गुंडाळून आणलंय?”

“घोंगडीत, बाई. माझ्या आईनं कातलेल्या सुताची हाय.” आबांना वाटलं बाई कौतुक करतेय.

तिनं घोंगडी उचलली आणि बाहेर व्हरांड्याच्या कठड्यावर नेऊन टाकली. आबांचा चेहरा उतरला. “बाई, घोंगडी देवाची असती. अशी टाकू न्हाई.”

“देवाची असू द्या. देवाला दमा नाही, हिला आहे. लोकर, धूर, धूळ, हे तिला सोसत नाही. ही पोरगी मेंढरांत राहिली तर अशीच गुदमरत राहील.”

“घोंगडी न्हाई तर मंग पांघरू काय लेकराला? आभाळ?”

“गोधडी पांघरा. आणि हे सांगा, घरात आणखी कुणाला आहे का दमा? आईला, तुम्हाला, आजी-आजोबांना?”

“न्हाई,” आबा म्हणाले. “आमच्यात कुणालाच न्हाई.” माय काही बोलली नाही. ती दारात उभी राहून कठड्यावरच्या घोंगडीकडं बघत होती. मला वाटलं, तिला घोंगडीचं वाईट वाटतंय.

मला श्वास परत आला तसं मी बाईंना विचारलं, “हे जाईल का माझं?” त्यांनी गोड खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, “कुणाचा जातो, कुणाचा नाही. ज्याचा लहानपणी जोरात असतो, ज्याला लोकर-धूळ सोसत नाही, ज्याच्या आई-बापाकडून आलेला असतो, त्याचा सहसा मुक्काम लांबतो. मधे काही वर्षं गप्प बसेल. तुला वाटेल गेला. उन्हाळ्यात ओढा आटतो, म्हणून ओढा गेला का? औषध चालू ठेव, म्हणजे तो येईल तेव्हा तू तयार असशील.” मग त्यांनी मला पंप दिला आणि ओढायचा कसा ते शिकवलं. आणि आबांशी भांडून, खरंच भांडून, मला तिथल्याच मुलींच्या वसतिगृहात टाकायला लावलं. आबा कबूल झाले, कारण त्यांनी माझे निळे ओठ बघितले होते.

वसतिगृहात घोंगडी नव्हती, चुलीचा धूर नव्हता, लोकर नव्हती. माझी पिपाणी हळूहळू बंद पडली. मी जिने चढायला लागले, लंगडी खेळायला लागले, शिकायला लागले. वस्तीवर सगळ्यांनी ठरवून टाकलं की मला अंबाजोगाईचं पाणी मानवलं. आणि त्याच सुमारास मी शहाणी झाले, तेव्हा तर बायकांनी निकालच लावला, “न्हाण आलं की पोरीचा दमा जातो.” ही आमच्याकडची जुनी समजूत. काय सोयीची आहे बघा! म्हणजे लग्नाचं वय आलं की दुखणं आपोआप जातं. मी सुट्टीत घरी यायचे, दोन-चार दिवसांत छाती वाजायला लागायची, मी पंप ओढायचे, आणि तरी सगळे म्हणायचे की दमा गेला. पुढं एका डॉक्टरनंच मला सांगितलं, की पोरांचा पुष्कळदा वयात येताना कमी होतो, पण पोरींचा त्याच वयात उलट डोकं वर काढतो. म्हणजे आमची समजूत नुसती चुकीची नव्हती, पार उलटी होती. पण ती समजूत किती पोरींच्या लग्नात उपयोगाला आली असेल, आणि किती पोरी त्यानंतर जन्मभर तोंड दाबून खोकल्या असतील, याचा हिशोब कुणी ठेवलाय?

माझा दमा खरोखरच गप्प बसला तो नोकरी लागल्यावर. शाळा, स्वतःचं घर, गॅसची शेगडी. लग्नही झालं, सांगून-सवरून. वर्षानुवर्षं काही नाही, म्हणून पंप बंद केला. केला तर केला. बरं वाटल्यावर कोण औषध घेतो? आणि मग चाळिशी उलटल्यावर, पाळी जायच्या दिवसांत, एका हिवाळ्यात तो आला. बीडच्या घराशेजारी कापसाच्या गाड्या उतरायच्या, हवेत सरकीचा भुसका, आणि मी एका सकाळी पाढे शिकवताना मधेच थांबले. लोक म्हणाले, परत आला. मी म्हटलं, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. फुफ्फुसातल्या नळ्या विसरत नाहीत, आपण विसरतो. मग मी पुन्हा पंप घेतला, आणि आता तो मी सोडणार नाही. पण हे सगळं पुढचं. मला सांगायचंय ते माझी बारावी झाली त्या उन्हाळ्याचं.

त्या उन्हाळ्यात आम्ही मेंढरं घेऊन लवकर वस्तीवर परतलो होतो, आणि मामा तलवाड्याचं स्थळ घेऊन आला. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, तोंडानं गोड आणि कामात घाईचा. मोठं घर, मोठा कळप, पोरगा एकुलता. मला मास्तरीण व्हायचं होतं. वसतिगृहातल्या बाईंनी शिक्षिकेच्या कोर्सचा अर्ज भरून ठेवला होता. आणि तलवाड्याचं घर म्हणजे पुन्हा लोकर, पुन्हा धूर, पुन्हा दिवाळीनंतरचं चालणं. मी मामाला सरळ सांगितलं, “मामा, मी तिथं मरन.”

“काही न्हाई मरत,” मामा म्हणाला. “दमा गेलाय तुझा. पाव्हण्यांपुढं नाव काढू नको त्याचं. झाकली मूठ सव्वा लाखाची असती.”

“अन् कोंबडं झाकलं म्हणून उजडायचं ऱ्हातंय का?”

“लई शिकलीस! तो पंप आदी माझ्याकडं दे. पाव्हणे गेले की घे.”

मी दिला. पण दिला तो जुना, संपलेला. भरलेला मी मायच्या चंचीत घातला, म्हणजे पान-सुपारीच्या कापडी पिशवीत, आणि चंची कमरेला खोचली. मायनं बघितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती फक्त म्हणाली, “सुपारी वर ठिव. नसता दिसंल.” आणि चुलीकडं गेली.

पाहुणे आले ते भर उन्हात. नवरदेव होता, त्याची आई होती, आणि आणखी चार माणसं. नवरदेवानं सगळा वेळ स्वतःच्या पायताणाकडं बघितलं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बोलणारी होती ती पाव्हणीबाई. दणकट बाई, कपाळभर कुंकू, हातात चांदीचे गोठ, आणि नजर अशी की मेंढराचा दात न बघता वय सांगेल. शिरा झाला, चहा झाला. मग मायनं नवी घोंगडी अंथरली. नव्या घोंगडीला चिंचोक्याच्या खळीचा वास असतो आणि तिची लोकर मोकळी असते. हात फिरवला तरी उडते. मला तिच्यावर बसवलं. मी बसले, नाकानं हळूहळू श्वास घ्यायला लागले, आणि मनात म्हणाले, लवकर आटपा रे बाबांनो.

बाईनं विचारलं, मेंढी व्यायला आडली तर काय करशील, भाकरी किती थापतेस, चालशील का. मी उत्तरं दिली. उत्तरं बरी दिली, कारण ती कामं मला येत होती. आणि मग ती मायकडं वळली.

“बाई, सगळं पसंत हाय. येकच आयकलंय. पोरीला ल्हानपणी दम लागायचा म्हणं.”

मामा मधेच म्हणाला, “कवाच गेला तो! न्हाण आलं अन् गेला.”

“तुमी थांबा. बाईच्या दुखन्याचं बाईनं सांगावं.” तिनं मायपुढं ताट सरकवलं. त्यात बेलाची पानं होती आणि भंडारा होता, देवाची हळद. आमच्यात तोंडी शब्द दिला तर तो मोडला जाऊ शकतो. पण बेल-भंडारा मुठीत घेऊन दिलेला शब्द मोडत नाही. घरं बुडाली तरी मोडत नाही. “भंडारा उचला अन् सांगा, पोरीला न्हाई, अन् तुमच्या घरान्यात कुणाला दमा न्हाई. मंग सुपारी फोडू.”

माझ्या छातीत तोवर शिटी सुरू झाली होती. मी ती ओठ मिटून आत दाबत होते. मायचा हात ताटाकडं गेला. बोटं हळदीत टेकली, पिवळी झाली. आणि हात तिथंच थांबला. मूठ वळेना. मामा दातओठ खाऊन म्हणाला, “उचल की आक्के.” मी मायच्या तोंडाकडं बघितलं. माझ्या देवभोळ्या मायचं तोंड असं झालं होतं, की मला राग आला. माझ्यासाठी तिनं देवापुढं खोटं बोलायचं? कावून? मी काय चोरी केली, का कुणाचं घर जाळलं? श्वासच कमी येतोय ना मला? मी चंची सोडली, सुपारी घोंगडीवर सांडली, पंप काढला, खडखड हलवला, आणि सगळ्यांसमोर ओढला. एकदा ओढला, दम धरला, सोडला, परत ओढला.

“आरं द्येवा!” पाव्हणीबाई मागं सरकली. “बिडी वडती का काय पोरगी?”

“औषध हाय,” मी म्हणाले. “मला दमा हाय. ल्हानपणापास्नं हाय, आजबी हाय. मायला भंडारा उचलायला लावू नका.”

“मंग कवा जानार तो?”

“जाईल का न्हाई, ठाव न्हाई.”

“अन् आमची मेंढरं कोण राखनार?”

“राखता येत्यात मला. पन तोंड दाबून न्हाई राखणार. पंप घिऊन राखीन, अन् मला शिकायचंय.”

मामानं कपाळावर हात मारला. बाई उठली, पदर झटकला आणि मामाला म्हणाली, “झाकून ठिवलं व्हय रं आमच्यापास्नं?” दारात गेल्यावर पुन्हा वळली. “पोरगी खरी हाय. पन आमाला न्हाई झेपायची.” त्या बाईचा मला कधी राग आला नाही. तिनं निदान विचारलं तरी, आणि खरं ऐकल्यावर खरं उत्तर दिलं. पाहुणे निघाले, रस्त्याच्या लिंबाखाली जीपची वाट बघत उभे राहिले. आमच्या दारातून ते दिसत होते.

मग मामा आबांवर तुटून पडला. “बघितलं का, दाजी? नाक कापलं पोरीनं! आता हिला कोण करून घ्येणार? अजून शिकवा!” आबा घोंगडीवर सांडलेल्या सुपाऱ्या गोळा करत बसले होते. मी मायला शोधलं, तर माय नव्हती. चूल धुपत होती, भाकरी तव्यावर होती. “कुठं गेली माय?” मी विचारलं.

“वाघर बघायला गेली,” आबा म्हणाले.

मी दोन पावलं गेले आणि थांबले. भर दुपार. मेंढरं गड्याबरोबर पालीच्या धरणाकडं चरायला गेलेली. वाघरीत एकही कोकरू नव्हतं. मग ती काय बघायला गेली?

माय वाघरीच्या मागं होती. उकिडवी बसली होती, एका हातानं खुंटी गच्च धरलेली, दुसरा हात गुडघ्यावर, मान पुढं, खांदे वर-खाली, आणि तोंड पदरानं दाबलेलं. ते बसणं मला ओळखीचं होतं. मी असंच बसायचे. आणि तिच्या पदरातून येणारी शिटीही मला ओळखीची होती. ती मी फक्त माझ्याच छातीतून ऐकली होती. मग मला त्या सगळ्या ढिल्या खुंट्या आठवल्या. धुपणारी चूल आठवली, झाकलेलं पीठ आठवलं, दवाखान्याच्या दारातलं तिचं गप्प उभं राहणं आठवलं. मी तिच्यासमोर बसले, तिच्या तोंडावरचा पदर ओढून काढला आणि पंप धरला.

“आदी समदा श्वास सोड. आता तोंडात धर. मी दाबते, तू वड.”

पहिला वाया गेला. ती दचकली आणि औषध हवेत उडालं. दुसरा आत गेला. मग आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. हळूहळू तिचे खांदे खाली आले. तिच्या तोंडावर असं नवल होतं, की जणू जन्मात पहिल्यांदा कुणी तिच्यासाठी दार उघडलंय.

“कवापास्नं, माय?”

“तुज्यापरीस ल्हान व्हते तवापास्नं.” ती थांबून थांबून बोलली. “माज्या मायनं भंडारा उचलला व्हता माज्या लग्नात. न्हाण आलं, गेला म्हणून. मीबी खरं मानलं. मंग म्हनले, नांदायला गेल्यावर जाईल. मंग म्हनले, लेकरू झाल्यावर जाईल. न्हाई गेला. तुजी छाती वाजाया लागली तवा मला कळलं, कुनाचं हाय ते. मला जसं गुंडाळत व्हते तसं तुला गुंडाळलं. दुसरं काय म्हाईत व्हतं मला?”

“अन् आबांला न्हाई सांगितलं कदी?”

“भंडाऱ्यावरला शबुद व्हता, बाई. मायचा.” तिनं आपली पिवळी बोटं बघितली. “आज हात उचलंना. येक खोटं तुजं, येक माजं. येका मुठीत मावंना.”

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. आयुष्यभर एक बाई नवऱ्याच्या घरात श्वास घ्यायला मेंढरांच्या मागं जाते, आणि घर तिला वाघरीची राखणदार म्हणून हसतं! मी म्हणाले, “चल घरात.” ती म्हणाली, “थांब, तोंडावर पानी मारते.” मी म्हणाले, “काही मारायचं न्हाई. अशीच चल.” तिनं माझ्याकडं बघितलं. मग पंप माझ्या हातातून घेतला, कमरेच्या कनवटीला लावला आणि उठली. आम्ही घराकडं निघालो. तिची शिटी अजून पुरती थांबली नव्हती. चालताना ऐकू येत होती.

मामा अजून बडबडत होता. आबा चुलीपुढं बसून करपलेली भाकरी उलटायचा प्रयत्न करत होते. मायला बघून नेहमीसारखं म्हणाले, “ठोकली का खुटी?”

माय त्यांच्यासमोर उभी राहिली. “अवो, खुटी कवाच ढिली नव्हती. मला दमा हाय. पोरीला माजाच आलाय. लग्नाच्या आदीपास्नं हाय, अन् आजवर कदीच गेला न्हाई.”

आबांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मामा झटकन दाराकडं गेला, बाहेर डोकावला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “आक्के, हळू बोल! पाव्हणे अजून लिंबाखालीच हायती, त्यांला आयकू जाईल.”

मायनं कनवटीचा पंप काढला, खडखड हलवला, आणि दारात, उन्हात जाऊन उभी राहिली. “आयकू दे,” ती म्हणाली.